कोरडं वजन

३ एप्रिल, सोमवार
आधी ५३.९, नंतर ५२.१. काल पाणी पाऊण लिटर. सूज घोट्यापाशी, थोडी.

ही वही डिल्लेश्वरने दिली. तो डायलिसिसचा टेक्निशियन. म्हणाला, "नूकरत्नमम्मा, रोज तीन गोष्टी लिहायच्या. नवऱ्याला पाणी किती दिलं, वजन किती भरलं, सूज कुठे आहे." तीन रकाने आखून दिले. त्यांच्या उजवीकडे अर्धं पान कोरं राहतं. कोरा कागद वाया घालवू नये, म्हणून तिथे माझ्या पोटातलं लिहीन म्हणते. बावा वाचणार नाही. माझं अक्षर बघितलं की त्याचं डोकं दुखतं.

बावा म्हणजे माझा नवरा, सिम्हाचलम. आत्याचा मुलगा, म्हणून लहानपणापासून बावाच. नारळावर चढायचा, दिवसाला चाळीस झाडं. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं गेली. आमच्या उद्दानम भागात हे घरोघरी आहे, त्यामुळे कसं झालं हे कुणी विचारत नाही, आठवड्यातून किती वेळा एवढंच विचारतात. सोमवारी आणि गुरुवारी. मशीन चार तासांत अंगातलं पाणी ओढून घेतं. दोन खेपांच्या मध्ये दोन किलोच्या वर पाणी चढू द्यायचं नाही, नाहीतर ते छातीत जातं आणि माणूस बसल्या जागी बुडतो, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलंय. बावा किती दिवस जगणार हे माझ्या मापाच्या पेल्यावर आहे. मी तो पेला कुलुपात ठेवते.

हे सगळं ठीक. आज वेगळंच झालं. बावाच्या शेजारच्या खुर्चीत नवीन बाई आली आहे. हेमसुंदरी. नावातच सुंदरी. अंगणवाडीत टीचर होती म्हणे. मी काजूच्या शेडवरून उशिरा पोचले, तर दारातूनच बावाचं हसणं ऐकू आलं. संक्रांतीपासून हा माणूस घरात हसलेला नाही. मी आत गेले आणि दोघं गप्प झाली.

"अक्का, बसा ना," ती मला म्हणाली. अक्का. माझ्याहून दोन वर्षांनी तरी मोठी असेल.

४ एप्रिल, मंगळवार
पाणी पाऊण लिटर.

शेडवर एर्रम्माला बोलले. बोलायला नको होतं, तिच्या जिभेला हाड नाही. आम्ही समोरासमोर बसून काजू फोडतो. ती म्हणाली, "हाताला हात लागेल अशा खुर्च्या. आठवड्यातून आठ तास. तू चौदा वर्षांत तरी त्याच्याशेजारी सलग आठ तास बसलीस का गं?"

मी म्हटलं, "दोघांच्या हातात दाभणासारख्या सुया असतात. काय करणार आहेत?"

"तोंडात तर सुया नसतात ना," एर्रम्मा म्हणाली.

दिवसभर टरफलाचं तेल बोटांना लागत राहिलं आणि मला कळलं नाही. संध्याकाळी बघते तर दोन बोटं भाजली आहेत.

६ एप्रिल, गुरुवार
आधी ५३.८, नंतर ५२.०. पाणी पाऊण लिटर. सूज नडगीवर.

आज मी शेडवरून अर्धी सुट्टी काढून गेले. मशीन लावायच्या आधी सगळे बाकावर बसतात. बावाने लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतली होती. त्याच्या डाव्या नडगीवर खड्डा होता. अंगठ्याएवढा, गोल, नुकता पडलेला. हेमसुंदरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला हात पदराला पुसत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"पिटिंग," बावा म्हणाला. चौथी शिकलेला माझा बावा. "अंगठा दाबून सोडला की खड्डा राहतो. राहिला की समजायचं, पाणी आहे. हेमसुंदरीगारूंनी दाखवलं."

गारू. तीही ह्याला सिम्हाचलमगारू म्हणते, तहसीलदाराला म्हणावं तसं. आमच्या गावात नारळ पाडणाऱ्याला आजवर कुणी गारू लावलेलं नाही. आणि हा त्यावर फुलतो, मला दिसतं ना.

मी तिथेच बसून त्या खड्ड्याकडे बघत राहिले. हळूहळू भरत आला, मग दिसेनासा झाला. दुसऱ्या बाईचा अंगठा माझ्या नवऱ्याच्या पायावर उमटलेला मी डोळ्यांनी बघितला. अंगाचा तिळपापड झाला. तो खड्डा बुजला, माझ्या मनातला कसा बुजायचा?

निघताना तिने बावाच्या हातात एक कागद दिला. घडी घातलेला. मी तो त्याच्या खिशातून काढून घेतला.

७ एप्रिल, शुक्रवार
पाणी पाऊण लिटर.

प्रेमपत्र नाही. शब्दांचे अर्थ लिहिलेत. दवाखान्यात डॉक्टर जे शब्द वापरतात ते, आपल्या भाषेत, मोत्यासारख्या अक्षरात. प्रेमपत्र असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. इथे उतरवून ठेवते.

"फ्लुइड रिटेन्शन: शरीर पाणी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं." मग मलाही हाच रोग आहे. मीही सगळं धरून ठेवते.

"एडिमा: साठलेलं पाणी मांसात उतरून आलेली सूज. उठल्यावर तोंडावर दिसते, दिवस मावळला की पायांत उतरते." हे मला तिच्याशिवाय माहीत होतं. दोन वर्षं त्याचं तोंड रोज सकाळी मी बघते, ती नाही.

"कोरडं वजन: जादा पाणी काढल्यावर उरतं ते माणसाचं खरं वजन." बावाचं बावन्न. लग्नात सत्तर होता. माझं कुणी मोजलेलं नाही.

"फुफ्फुसात पाणी: आडवं झालं की जीव घाबरतो, उठून बसलं की बरं वाटतं. असं झालं तर थांबू नये. तडक दवाखाना."

शेवटी काय काय वर्ज्य त्याची यादी. मीठ, लोणचं, सुकी मासळी, केळं, शहाळ्याचं पाणी.

शहाळ्याचं पाणी. मला हसूच आलं. बाई डोंगराकडची, ओडिशाच्या हद्दीवरची. तिच्या गावात नारळ देवळात फोडण्यापुरता दिसतो. आणि ती आम्हाला शिकवणार. माझ्या आजीने गावातल्या दोनशे बायकांची लघवीची जळजळ शहाळ्याने घालवली. शहाळं अंगातलं पाणी बाहेर काढतं, आत ठेवत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कानामागून आली आणि तिखट झाली.

कागद डाळीच्या डब्याखाली सरकवला.

९ एप्रिल, रविवार
पाणी पाऊण लिटर. तेवढ्यावरून महाभारत.

ऊन असं की पत्र्याला हात लागत नाही. बावाने दुपारी आणखी एक घोट मागितला. मी नाही म्हटलं. नाचणीच्या अंबलीतलं पाणी धरून त्याचा वाटा संपला होता. हा कधीच काही बोलत नाही, नुसता बघतो. मग म्हणाला, "हेमसुंदरीगारू म्हणतात, बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायचा आणि लहानपणीचा एखादा मित्र आठवायचा. खडा विरघळेपर्यंत त्याच्याशी बोलायचं. तहान जाते."

"मग जा तिच्याकडे बर्फ चघळायला," मी म्हटलं.

घरात मी कोण? हवालदार. पेल्याला कुलूप लावणारी. मीठ लपवणारी. आणि ती कोण, तर बर्फाचे खडे आणि गोष्टी वाटणारी. त्याला जिवंत ठेवण्याचं काम माझं आणि हसवण्याचं तिचं. ही कुठली वाटणी? असली वाटणी जावांमध्येसुद्धा कुणी चालवून घेत नाही.

१० एप्रिल, सोमवार
आधी ५३.७, नंतर ५२.०.

वजन छान आलं. डिल्लेश्वरने सगळ्यांसमोर वही उंच धरून दाखवली. मला बरं वाटतंय तोवर हेमसुंदरी म्हणाली, "अक्का, उन्हाळा वाढतोय. शहाळं देत नाही ना त्यांना? तुमच्याकडे परसातच झाडं असतील. त्यातलं पोटॅशियम आपल्यासारख्यांच्या हृदयाला चालत नाही."

सगळ्या वॉर्डसमोर. आठ मशीन, आठ पेशंट, त्यांची माणसं. जणू मी विष घालते. आणि "आपल्यासारख्यांच्या" म्हणाली. म्हणजे ती आणि बावा. मी त्यात नाही.

"आम्ही नारळातच जन्मलो," मी म्हटलं. बावा छताकडे बघत होता.

११ एप्रिल, मंगळवार
पाणी पाऊण लिटर.

परसातल्या बुटक्या झाडाचं शहाळं मी आकडीने ओढलं. कोयत्याने तोंड उडवलं आणि बावापुढे धरलं.

तो बराच वेळ शहाळ्याकडे बघत होता. मग माझ्याकडे. "हे चालतं?"

"हे पाणी नाही, औषध आहे. लघवी सुटेल, सूज उतरेल. माझ्या हातून आजवर तुझं वाईट झालंय का?"

"नाही," तो म्हणाला आणि प्यायला. गळ्याची घाटी वरखाली होत होती. सगळं संपवून त्याने माझ्याकडे बघितलं. मला हसू फुटलं आणि तोही हसला. घरात. माझ्यासमोर. माझ्यामुळे. हेमसुंदरीने बघायला हवं होतं.

रकान्यात लिहिलं नाही. औषध पाण्यात धरत नाहीत.

१३ एप्रिल, गुरुवार
आधी ५४.९, नंतर ५२.४.

जवळजवळ तीन किलो वर. डिल्लेश्वरने वही उलटीपालटी करून बघितली. "वहीत तर रोज पाऊणच लिटर दिसतंय. हे पाणी आलं कुठून?"

"मला काय विचारतोस? मी मापून देते," मी म्हटलं. ते खरं आहे.

पण मलाही प्रश्न पडला. मग लक्षात आलं. हेमसुंदरीच्या पिशवीत एक पाण्याची बाटली असते. ती स्वतः त्यातलं झाकणभर पिते. मी नसताना ह्याला देत नसेल कशावरून? वर मलाच शहाळ्याचं विचारायचं. चोर तो चोर, वर शिरजोर.

आज दोघं हसत नव्हती. हळू आवाजात बोलत होती. मी जवळ गेले की थांबायची.

१५ एप्रिल, शनिवार
पाणी पाऊण लिटर.

रोज एक शहाळं. संध्याकाळी मी शेडवरून येते तेव्हा तो ओट्यावर बसलेला असतो. मी आकडी घेतली की माझ्याकडे बघतो. मी हसते, तो हसतो. गेल्या दोन वर्षांत आमच्यात एवढं सुख नव्हतं.

आणि गुण आहे. गाल भरलेत. डोळ्यांखालचे खळगेसुद्धा दिसेनासे झाले. एर्रम्मा घरी आली होती, म्हणाली, "अगं, अंगाला लागलंय की ह्याच्या. लग्नातल्यासारखा दिसतोय." मी शहाळ्याचं तिला सांगितलं नाही. मला दृष्ट लागायची भीती वाटते. होस्टेलवर लेकीला फोन केला, तुझ्या बापाची तब्येत सुधारली म्हणून. ती रडली.

चपला मात्र त्याला घट्ट होतात. उन्हाने चामडं आक्रसतं.

१७ एप्रिल, सोमवार
आधी ५५.६, नंतर ५२.९.

मी बाहेर चहा आणायला गेले होते. परत आले तर पडद्याआड दोघांचे आवाज. मी पडद्यामागे उभी राहिले. चूक असेल तर असू दे.

हेमसुंदरी म्हणत होती, "सांगून टाका तिला. असं किती दिवस चालणार?"

बावा म्हणाला, "जमत नाही हो. तिचं तोंड बघितलं की धीर होत नाही."

"मग मी सांगू?"

"नको. तुमच्या तोंडून कळलं तर ती उद्ध्वस्त होईल."

चहा माझ्या हातावर सांडला. भाजलं ते घरी आल्यावर कळलं. सांगून टाका तिला. काय सांगणार, हे न कळायला मी दूधखुळी नाही. दोन माणसं, दोघांचे दिवस मोजलेले, एकमेकांचं दुखणं एकमेकांना कळतं. मला काय कळतं? माझी मूत्रपिंडं शाबूत आहेत, हाच माझा गुन्हा.

बावाला आज शेवटच्या तासात पायात गोळे आले. ओरडला. मी धावले, पण तिने आधीच मोकळ्या हाताने त्याची पोटरी धरली होती. पाणी फार ओढावं लागलं की गोळे येतात, असं डिल्लेश्वर म्हणाला. मी ऐकत नव्हते.

१८ एप्रिल, मंगळवार
पाणी पाऊण लिटर.

विचारलं. शहाळं हातात देताना विचारलं, "बावा, मला काही सांगायचंय का?"

त्याने शहाळ्याकडे बघितलं. ओठ हलले.

"नाही," तो म्हणाला आणि प्यायला.

उद्यापासून दोन देणार. माझ्या हातचं पिऊन तो माझाच राहील. ती देऊन देऊन काय देणार, झाकणभर पाणी?

२० एप्रिल, गुरुवार
आधी ५६.१, नंतर ५३.३.

एक काम केलं. डिल्लेश्वरला बाजूला घेतलं आणि सांगितलं की माझ्या नवऱ्याला शेजारी बाई असलेली अवघड वाटते, तो बोलत नाही, पण घरी कुढतो. त्या बाईंचा दिवस बदलता येईल का? त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. बुधवार-शनिवार सकाळचा एक म्हातारा कधीपासून सोमवार मागतोय म्हणाला. जमलं. परवापासून ती बुधवारी आणि शनिवारी.

हेमसुंदरीने काही विचारलं नाही. तिचा चेहरा उतरला, ते मी बघितलं. मला गोड वाटलं, हेही लिहून ठेवते. खोटं कशाला लिहू?

२४ एप्रिल, सोमवार
आधी ५७.४, नंतर ५४.६. सूज मांड्यांपर्यंत.

शेजारच्या खुर्चीत म्हातारा. बावा चार तास भिंतीकडे तोंड करून पडला. डिल्लेश्वर म्हणाला सगळं पाणी आज निघणार नाही, रक्तदाब पडतोय, गुरुवारी बघू. मला ओरडला, "अम्मा, हा माणूस नदी पितो का?"

म्हणजे बाटली तिची नव्हती. ती गेली तरी वजन वाढलंच. मग कुठून? मी मनातल्या मनात सगळं मोजलं. भात, अंबली, गोळ्यांबरोबरचं पाणी. शहाळ्यापाशी आले आणि मोजणं थांबवलं. ते औषध आहे.

संध्याकाळी दोन शहाळी दिली. दुसऱ्याच्या वेळी तो हसला नाही. म्हटलं, तिची आठवण येत असेल.

२६ एप्रिल, बुधवार
वजन माहीत नाही.

तो जिवंत आहे. उद्या लिहीन.

२७ एप्रिल, गुरुवार
बावा दवाखान्यातच. ५३.०.

बुधवारी पहाटे मी अंगण झाडत होते. आतून खोकला आला. जाऊन बघते तर बावा खाटेच्या कडेला बसून दोन्ही हातांनी चौकट धरून श्वास ओढत होता. मी त्याला झोपवायला गेले तर त्याने मला ढकललं. "आडवं नको, आडवं नको." तोंडाला फेस होता, गुलाबी. डाळीच्या डब्याखालचा कागद मला जसाच्या तसा आठवला, तिच्या अक्षरासकट. थांबू नये. तडक दवाखाना. मी हातातला झाडू घेऊनच रस्त्यावर पळाले आणि पहिली रिक्षा अडवली.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळची पाळी लागत होती. सात मशीनवर माणसं लावून झालेली. आठव्या खुर्चीत हेमसुंदरी. तिचा हात धुऊन, पुसून तयार होता. डिल्लेश्वर सुई उघडत होता.

डॉक्टर म्हणाले, "एक मशीन तरी पाहिजे. आत्ता."

कुणी काही बोलायच्या आत ती खुर्चीतून उतरली. "ह्यांना लावा. मी मागून बघेन."

"तुमचं काय, टीचर? तुमचंही चढलंय. पुढची जागा शुक्रवारशिवाय नाही," डिल्लेश्वर म्हणाला.

"मला अजून झोपता येतं. त्यांना बसवत नाहीये," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन बाकावर जाऊन बसली. मीच तिला त्या दिवसावर ढकललं होतं. मी दिवस बदलायला सांगितला नसता तर ती तिथे नसती. तिच्या जागी ज्याने खुर्ची सोडली असती असा कोण होता, मला माहीत नाही.

डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला आणि माझ्याकडे वळले. "पोटॅशियम इतकं कसं? काय खाल्लं ह्यांनी? केळी? शहाळं दिलंत?"

बावाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याने मान हलवली. नाही. मग परत हलवली. नाही.

मला वाचवायला तो खोटं बोलला. श्वास घेता येत नव्हता तेव्हा. मी हेमसुंदरीकडे बघितलं. ती खाली फरशीकडे बघत होती.

"दोन," मी म्हटलं. "रोज दोन. मी दिली."

डॉक्टर मला काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळं खरं होतं.

आणि मी किती हलकी बाई आहे बघा. बावाचा श्वास जरा लागला, ओठांना रंग आला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? की आता ह्याचा श्वास तिचा आहे. मी त्याला नारळ दिले, तिने जीव दिला. ह्यावर मी काय वरताण करणार?

२८ एप्रिल, शुक्रवार
बावा ५२.४. उद्या सोडणार.

सकाळी मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होते. हेमसुंदरी आली. रिक्षातून उतरून फाटकापासून दारापर्यंत तीनदा थांबली. तोंड असं सुजलं होतं की डोळ्यांच्या जागी दोन चिरा. पाय चपलांत जात नव्हते, अनवाणीच. मी धावत जाऊन चाकांची खुर्ची आणली आणि तिला बसवलं. बाकापाशी थांबलो. मशीन रिकामं व्हायला अर्धा तास होता.

म्हटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. "टीचर, शहाळं मी देत होते. तुम्ही नको म्हटलं होतं म्हणूनच देत होते."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"डॉक्टरांसमोर बोलले तेव्हा ऐकलंत ना."

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांनीच सांगितलं." ती थांबून थांबून बोलत होती. "ते म्हणाले, नूका शहाळं देताना हसते हो. दोन वर्षांनी हसली. कसं नको म्हणू? मी म्हटलं, अहो, मराल. ते म्हणाले, ते मलाही कळतंय, पण तिचं तोंड बघितलं की धीर होत नाही. मी म्हटलं, सांगून टाका तिला. दर वेळी तेवढंच बोलत होतो आम्ही. तुझ्याशिवाय दुसरा विषय नव्हता त्यांना. मला कंटाळा यायचा कधी कधी."

मी खाली बसले. तिथेच, फरशीवर.

त्याला माहीत होतं. प्रत्येक शहाळ्याच्या वेळी. मला वाटायचं तो तहानेने बघतोय.

"तुमचा दिवस मी बदलायला लावला," मी म्हटलं. "त्याला अवघड वाटतं म्हणून खोटं सांगितलं. माझ्या पोटात दुखत होतं. तुमच्यावर जळत होते."

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली, तरी हसतच होती.

"माझ्यावर? ह्या तोंडावर?" तिने दोन बोटांनी आपला गाल दाबला. खड्डा पडला. "नवरा चेन्नईला गेला त्याला नऊ वर्षं झाली. सणाला एक मेसेज येतो. नऊ वर्षांत कुणी माझ्यावर जळलं नव्हतं गं. आरसा आण बघू कुणाचा तरी, बघू दे मला काय दिसलं तुला."

"तुम्ही त्याला हसवत होतात."

"मी तहानेवरून विनोद करते. तहानलेल्यांना हसू येतं. तुला नसतं आलं." मग म्हणाली, "मला वाटलं, माझ्या बडबडीला कंटाळून त्यांनीच दिवस बदलायला सांगितला. चार रात्री वाईट वाटत होतं."

डिल्लेश्वर न्यायला आला तेव्हा मी तिची खुर्ची ढकलली. वजनकाट्यावर तिला धरून उभं केलं. पाच किलो वर. ते पाच किलो माझे होते. ती सुई टोचून घेईपर्यंत मी तिथे उभी राहिले. मशीन लागलं तेव्हा बाहेर येऊन रडले. तिच्यासाठी की माझ्यासाठी, नीट सांगता येणार नाही. एक मात्र खरं. तो हे तिला सांगू शकला, मला नाही. हे कळल्यावर जास्तच जळलं. जळणं संपलेलं नाही. पण आता ते कुणावर आहे, ते कळेनासं झालंय.

३० एप्रिल, रविवार
काल सुटताना ५२.९. पाणी पाऊण लिटर. शहाळं नाही. सूज घोट्यापाशी.

काल घरी आलो. हेमसुंदरी बरी आहे, काल सकाळी पुन्हा लावलं, डिल्लेश्वरचा फोन आला होता. उद्या सोमवार. तिचा दिवस परत आमच्याबरोबर कर म्हणून त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अम्मा, हे काय रेल्वेचं रिझर्व्हेशन आहे?" पण करतो म्हणाला.

आज दुपारी बावा ओट्यावर बसला होता. मी समोर जाऊन बसले. हात रिकामे.

"तू तिला सांगितलंस," मी म्हटलं. "मला का नाही?"

त्याने लुंगी गुडघ्याखाली ओढली.

"मी विचारलं होतं. शहाळं हातात देऊन विचारलं होतं, काही सांगायचंय का. तू नाही म्हणालास आणि प्यायलास. मी तुला मारत होते आणि तू पीत होतास. हे प्रेम आहे का, बावा? मला असलं प्रेम नको. मी उद्या परत काहीतरी देईन. अज्ञानाने देईन, रागाने देईन. तू काय करशील?"

त्याने पायाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. चौदा वर्षांत ह्या माणसाने मला कशाला नाही म्हटलेलं नाही. मासळी खारट झाली तरी नाही, माझ्या भावाने त्याची सायकल विकली तरी नाही. मला वाटायचं मी नशीबवान.

"बोल," मी म्हटलं. "आत्ता बोल. मी दिलं तर काय म्हणशील?"

"तुला राग येईल."

"येईल. तरी बोल."

ऊन ओट्यावरून त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं.

"नको," बावा म्हणाला. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं. मग मोठ्याने, "नको, नूका. मला जगायचंय."

मला राग आला नाही. मला वाटलं होतं येईल.

"पण मग तू हसणार नाहीस," तो म्हणाला.

"हसेन की. शहाळ्याशिवाय हसेन."

"बघू हसून."

मी प्रयत्न केला. तोंड वाकडंतिकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, थांबेचना. बावा वाकून माझ्याकडे बघत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "आज हे चालेल."